अचानक धाप लागली: बसवायचं की आडवं करायचं?

हृदय एकाएकी कमी पडलं की फुप्फुसांत पाणी साचतं. धाप, छातीत घरघर, गार घाम, कधी गुलाबी फेसाळ थुंकी. घरचे गोंधळतात: बसवू की झोपवू? रुग्णवाहिका आधी बोलवा.

श्वासाचं पाहा. आडवं केलं की पायांतलं रक्त हृदयाकडे परततं, फुप्फुसांवरचा ताण वाढतो, माणूस आणखी गुदमरतो. पाय खाली सोडून ताठ बसवलं की तोच ताण उतरतो. बसवायला फार कष्टही नाहीत, पाठीला उशा पुरतात. चालवू मात्र अजिबात नका.

आडवं करणं चक्कर आलेल्या, पण दम न लागलेल्या माणसासाठी. शुद्ध हरपली आणि श्वास नीट चालू असेल, तर कुशीवर. श्वासच थांबला, तर कडक जमिनीवर उताणं, आणि छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब, लगेच.