'पॉवरप्रेप शेवटी द्या' म्हणणारा क्लास

अमेरिकेतल्या पुढच्या शिक्षणासाठी द्यायच्या जीआरई परीक्षेच्या व्हर्बलमध्ये, म्हणजे इंग्रजीच्या भागात, गुण वाढवून देण्याची लेखी हमी देणारा कुणी त्याच दमात 'परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेची पॉवरप्रेप ही फुकटची सराव परीक्षा आत्ता देऊ नका, शेवटच्या आठवड्यासाठी जपून ठेवा' असंही सांगत असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. माझ्या धाकट्या बहिणीला लुबाडण्याचा सगळा खेळ या एका सल्ल्यावर चालला होता. क्लासचं नाव लिहीत नाही. वाद अजून चालू आहे, आणि हाच माल वेगळ्या पाटीखाली विकणारे आणखीही आहेत.

आम्ही लातूरचे. क्लास, टेस्ट सिरीज, रँकवाल्या मुलांचे चौकाचौकांतले फ्लेक्स हे बघतच मोठे झालो, त्यामुळे क्लासवाल्यांच्या थापा आम्हाला नवीन नाहीत. पण बारावीच्या क्लासचा खरेखोटेपणा निकालाच्या दिवशी सगळ्या गावाला कळतो. जीआरईचं तसं नाही. प्रत्येकाची तारीख वेगळी, गुणपत्रक ज्याच्या त्याच्या खात्यात, आणि कमी गुण पडलेला पोरगा गप्प बसतो. या धंद्याला हे फार सोयीचं आहे.

बहीण पुण्यात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करत होती, पुढे अमेरिकेत शिकायचं होतं. गणिताची तिला भीती नव्हती. क्लासच्या मोफत 'लेव्हल टेस्ट'मध्ये व्हर्बलला १३९ पडले. आता १७० पैकी १३९ म्हटल्यावर कुणालाही बरे वाटतात. तिथल्या समुपदेशक बाईंनी तिला समजावलं, की मोजपट्टी शून्यापासून नसते, १३० पासून सुरू होते. हे खरंच आहे. व्हर्बलचे गुण १३० ते १७० याच पट्ट्यात असतात. पण हीच खरी गोष्ट वापरून त्यांनी तिला घाबरवलं. त्या दिवशीचा पेपर मुद्दाम किती अवघड काढला होता, ते पुढे कळलं. संध्याकाळी अप्पांना फोन गेला : "सर, मुलगी हुशार आहे, पण मराठी माध्यमाच्या मुलांचं घोडं व्हर्बलमध्येच अडतं. आत्ता बसवलं तर या वर्षीचं ॲडमिशन होईल." अप्पांचं कृषी सेवा केंद्र आहे. दिवसभर शेतकऱ्यांना 'बियाण्याची पिशवी टॅग बघून घ्या' सांगणारा माणूस, पण इंग्रजीचं नाव निघालं की जरा नमतो. बाईंनी ते पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं असणार.

फी ७८ हजार. एकदम भरायची गरज नाही, 'नो कॉस्ट ईएमआय' आहे म्हणाले. अप्पांचा पॅन, आधार आणि ओटीपी घेतला. आम्हा सगळ्यांच्या लेखी हप्ते क्लासकडे जाणार होते. प्रत्यक्षात एका वित्त कंपनीने अप्पांच्या नावावर कर्ज काढलं आणि क्लासला रक्कम एकहाती मिळाली. म्हणजे क्लासशी भांडून हप्ता थांबवला, तरी क्लासचं काही अडत नाही. थकबाकीदार अप्पा, आणि सिबिल त्यांचा खराब. 'हप्ता भरताय ना, मग पैसे तुमच्याच हातात आहेत' असं कुणी म्हटलं तर विचारा, करार कुणाशी आहे. अशा डिजिटल कर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या अटींचा कागद, द्यावा लागतो, आणि सुरुवातीच्या काही दिवसांत मुद्दल व तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येतं. मुदत त्याच कागदावर असते. आमच्याकडे तो कागद ईमेलवर आला होता, अप्पा ईमेल बघत नाहीत, आणि क्लासचा 'सात दिवस डेमो' संपेपर्यंत ती मुदत उलटून गेली. हा योगायोग नसावा असं माझं मत.

आता शिकवलं काय ते बघा. एक ॲप, त्यात साडेतीन हजार शब्दांची यादी. रोज शंभर शब्द, रात्री चाचणी. शब्द द्या, अर्थ निवडा. विरुद्धार्थी निवडा. 'अमुकाला जसं तमुक, तसं कशाला काय' छापाच्या जोड्या लावा. बहीण बसमध्ये, मेसमध्ये, झोपताना तेच घोकत होती. विरुद्धार्थी शब्द आणि जोड्या हे दोन्ही प्रकार जीआरईतून ऑगस्ट २०११ मध्येच काढून टाकले आहेत. आजच्या व्हर्बलमध्ये तीनच प्रकार असतात : गाळलेल्या जागा भरणं, एकाच रिकाम्या जागेसाठी सहांपैकी असे दोन शब्द निवडणं की दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच होईल, आणि उतारे. निम्मे प्रश्न तर वाचनाचेच. शब्द यायला हवेत, नाही असं नाही. पण गाळलेल्या जागेतसुद्धा आधी वाक्याचा कल ओळखावा लागतो, 'तरीही' कुठे आहे, लेखक बाजूने बोलतोय की टोमणा मारतोय. हे शिकवायला वाचणारा, सोबत बसणारा शिक्षक लागतो आणि त्याला पगार द्यावा लागतो. यादीला पगार लागत नाही. उताऱ्यांसाठी आठवड्यातून एक तास होता आणि शिकवणारा मुलगा दर महिन्याला बदलत होता.

मॉक टेस्टची गोष्ट याहून वाईट. दर मॉकमध्ये व्हर्बलचे दोन भाग, प्रत्येकी २० प्रश्न आणि ३० मिनिटं. जीआरईचा हा साचा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाला. तेव्हापासून परीक्षा जेमतेम दोन तासांची आहे : व्हर्बलच्या पहिल्या भागात १२ प्रश्न १८ मिनिटांत, दुसऱ्यात १५ प्रश्न २३ मिनिटांत. पहिला भाग कसा सोडवला यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. क्लासच्या मॉकमध्ये असं काही नव्हतं. पहिला भाग कसाही गेला तरी दुसरा तोच यायचा. त्यातून दोन शब्द निवडायच्या प्रश्नात एक बरोबर आला तर अर्धा गुण मिळायचा. खऱ्या परीक्षेत अर्धा गुण नसतो. दोन्ही बरोबर, नाहीतर शून्य. तीन गाळलेल्या जागांनाही तेच.

शिवाय प्रश्न हळूहळू सोपे होत गेले आणि जुने फिरून येत राहिले. आलेख सुंदर दिसायचा : १३९, १४५, १५१, १५४, १५८. दर मॉकनंतर अप्पांच्या व्हॉट्सॲपवर रंगीत रिपोर्ट. अप्पा तो दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवायचे. १५८ आल्यावर बहिणीचा हसरा फोटो क्लासच्या इन्स्टावर लागला. परीक्षा व्हायच्या आधीच! तिच्या आकड्यावर पुढची गिऱ्हाइकं गळाला लावायला सुरुवातही झाली होती.

आता तो सल्ला. पॉवरप्रेप म्हणजे परीक्षा घेणाऱ्या ईटीएसनेच ठेवलेली मोफत ऑनलाइन सराव परीक्षा. खातं काढलं की मिळते, साचा खऱ्या परीक्षेचा, शेवटी व्हर्बल आणि गणिताचे गुण खऱ्याच मोजपट्टीवर दाखवते. पहिल्याच दिवशी दिली असती तर लेव्हल टेस्टचं पितळ उघडं पडलं असतं आणि मॉकचंही. क्लासचं म्हणणं, 'आत्ता दिली तर वाया जाईल, अनमोल आहे ती.' ऐकायला पटतंही, कारण खरे सराव पेपर खरोखरच थोडे आहेत. पण पावतीच्या मागे बारीक अक्षरात एक ओळ होती : फी परतीचा अर्ज वर्ग सुरू झाल्यापासून ४५ दिवसांत. वर्ग चार महिन्यांचा. पॉवरप्रेप शेवटच्या आठवड्यात. हिशेब तुम्हीच करा.

तिच्या होस्टेलवरच्या एका मैत्रिणीने, जिने कुठलाच क्लास लावला नव्हता, जबरदस्तीने तिला पॉवरप्रेपला बसवलं. व्हर्बल १४७. बहीण त्या रात्री मला फोन करून म्हणाली, "दादा, माझंच काहीतरी चुकलं असेल, मॉकमध्ये तर येतात." दुसऱ्या दिवशी मी तिच्या लॉगिनने क्लासचा एक मॉक सोडवला. दोन शब्दांच्या प्रत्येक प्रश्नात मुद्दाम एक बरोबर, एक चूक टाकला. अर्धे गुण पडत गेले. ही चाचणी कुणालाही घरबसल्या करता येते.

क्लासला विचारलं तर उत्तर तयार होतं : "मॅडम, टेन्शन घेतलं असेल." हमीचं काय? हमीसाठी ९५ टक्के हजेरी, सगळे मॉक दिलेल्या तारखेलाच, आणि दोन वेळा परीक्षा देऊन दोन्ही वेळा गुण कमी पडल्याचा पुरावा. परीक्षेची फी एका वेळेला वीस हजारांच्या वर, ती आपल्याच खिशातून. अटींची लिंक पैसे भरल्यानंतरच्या ईमेलमध्ये होती, जाहिरातीत नुसती ठळक 'हमी'.

मग आला खरा विक्रीचा माल. त्याच बाईंनी हळू आवाजात सुचवलं, की 'लाइव्ह प्रश्नसंच' आहे, आदल्या महिन्यात परीक्षा दिलेल्यांकडून आलेला, १५ हजार, पावती नाही, यूपीआय एका खासगी नंबरवर. बहिणीने घेतला नाही. तिच्या बॅचमधल्या एकाने घेतला. ती पीडीएफ आम्ही पाहिली : ईटीएसच्याच छापील पुस्तकांतले, कुणालाही दुकानात मिळणारे प्रश्न, पर्यायांचा क्रम बदललेला. त्याने तक्रार कुणाकडे करावी? चोरीचा माल म्हणून घेतला आणि चोरीचा निघाला नाही, हे सांगणार कुठे? आणि समजा खरा निघाला असता, तर जास्त वाईट. परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत हे परीक्षार्थी कबूल करूनच बसतो, आणि संशय आला तर ईटीएस गुण रद्द करते. पाठ केलेले प्रश्न संकेतस्थळांवर फिरू लागल्यावर २००२ मध्ये ईटीएसने चीन, तैवान आणि कोरियात संगणकावरची जीआरईच बंद करून पुन्हा कागदी परीक्षा आणली होती. ही मंडळी असले प्रकार खपवून घेत नाहीत.

आणखी एक गोष्ट बाईंनी गाळली, तिचा मला सगळ्यात जास्त राग आहे. बहिणीच्या यादीतल्या निम्म्याहून अधिक अभ्यासक्रमांना जीआरई सक्तीची नव्हतीच. २०२० नंतर अमेरिकेतल्या कित्येक विभागांनी ती ऐच्छिक केली किंवा काढून टाकली. विभागाच्या प्रवेशाच्या पानावर स्वच्छ लिहिलेलं असतं. विद्यापीठाच्या मुख्य पानावर नाही, विभागाच्या. तेवढं वाचायला कुठलाही क्लास लागत नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो. आधी ईमेलने लेखी मागणी : फी परत, कारणं मुद्देसूद, सोबत जुन्या साच्याच्या मॉकचे स्क्रीनशॉट. फोनवर एक शब्द नाही, कारण फोनवर ते 'बघतो' म्हणतात आणि दिवस काढतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोचिंगवाल्यांना प्रवेशाची किंवा जास्त गुणांची हमी देणारी खोटी जाहिरात करता येत नाही, त्याचा उल्लेख केला. शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या सूचनांत मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करा असं आहे, तेही लिहिलं. मंत्रालयाच्या या सूचना म्हणजे कायदा नव्हे. तरी पत्रात आल्यावर समोरच्याचा सूर बदलतो, हे अनुभवाने सांगतो. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे मराठीत बोलता येतं.

क्लासने पावतीवर 'वाद फक्त पुणे न्यायकक्षेत' छापलं होतं आणि बाईंनी ते दोनदा ऐकवलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार स्वतः राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करू शकतो. म्हणजे आमच्यासाठी लातूर. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. हे त्यांना कळवलं तेव्हा पहिल्यांदा क्लासच्या मालकाचा फोन आला.

कर्जाचे हप्ते आम्ही थांबवले नाहीत. वित्त कंपनीला वेगळी लेखी तक्रार दिली आणि ३० दिवसांत नीट उत्तर न आल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन अर्ज केला. क्लासने अखेर ४१ हजार परत दिले, थेट कर्जखात्यात. त्यासोबत 'समाजमाध्यमांवर काही लिहिणार नाही' अशा कागदावर सही मागितली. अप्पांनी केली नाही. उरलेल्या रकमेसाठी जिल्हा आयोगात तक्रार दाखल आहे. इन्स्टावरचा फोटो लेखी सांगूनही तीन आठवडे तसाच होता. बहिणीने एप्रिलमध्ये परीक्षा दिली, व्हर्बल १५३. जिथे लागते तिथे तेवढे पुरतील असं तिच्या प्राध्यापकांचं म्हणणं आहे. कर्ज बंद झाल्यावर वित्त कंपनीकडून ना हरकत दाखला मागून घ्या, हे राहून जातं. आमचा यायला दीड महिना लागला, आणि तोवर अप्पांच्या सिबिलमध्ये ते कर्ज चालूच दिसत होतं.