भारत गृह रक्षा विमा : सांगलीतील आमच्या घराचा हप्ता रास्त होता का?

यंदा आमच्या घराच्या विम्याच्या नूतनीकरणाचा कागद आला, तेव्हा त्यावर ५,०९८ रुपयांचा हप्ता लिहिलेला होता. गेल्या वर्षीच्या हप्त्याच्या दुपटीहून ही रक्कम जास्त होती. एजंटला विचारले तेव्हा त्याने एका वाक्यात उत्तर दिले, "ताई, तुमचा भाग पुराचा आहे, त्यामुळे वाढणारच." आम्ही शामरावनगरात राहतो आणि ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या तळमजल्यात अडीच फूट पाणी होते, त्यामुळे हे उत्तर ऐकून आम्ही पैसे भरूनही टाकले असते. परंतु त्याच आठवड्यात माझ्या बहिणीने तिची पॉलिसी दाखवली. ती विश्रामबागला राहते; पूर आला की आम्ही तिकडेच जातो. कंपनी तीच होती, आणि दर हजार रुपयांच्या विम्याला तिला लावलेला दर आमच्याइतकाच, म्हणजे ६० पैसे होता. पुराचे कारण खरे असते तर तिचा दर कमी असायला हवा होता. तेव्हा कागद घेऊन बसले.

पॉलिसी 'भारत गृह रक्षा' या नावाची आहे. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ही प्रमाणित पॉलिसी आणली आणि आगीचा विमा उतरवणाऱ्या सर्व साधारण विमा कंपन्यांना ती देणे बंधनकारक केले. मूळ संरक्षणाचा मजकूर सगळीकडे एकच असल्यामुळे दोन कंपन्यांच्या हप्त्यांची तुलना आता ग्राहकाला स्वतः करता येते, आणि माझ्या मते हाच या पॉलिसीचा सर्वांत मोठा गुण आहे. आग, वीज, वादळ, पूर, पाणी तुंबणे, भूकंप, भूस्खलन, दंगल हे सर्व मूळ हप्त्यातच येते. माझे माहेर पाटण तालुक्यातले असून ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाच्या आठवणी ऐकतच मी मोठी झाले, म्हणून भूकंपाचे कलम मी सर्वांत आधी शोधले. ते मूळ पॉलिसीतच आहे. या पॉलिसीत पुरासाठी किंवा भूकंपासाठी कोणी वेगळे पैसे मागत असेल, तर ते कशाचे आहेत हे लेखी मागावे.

मग हप्ता वाढला कशामुळे? घराच्या बांधकामाची विमा रक्कम ६२ लाख लिहिलेली होती. हा आमच्या घराचा आजचा बाजारभाव आहे आणि त्यात जागेची किंमत धरलेली आहे. पुराने भिंती खचतील, फरशी उखडेल, वायरिंग जाईल. जागा मात्र तिथेच राहणार आहे. पॉलिसीत बांधकामाची रक्कम काढण्याची रीत स्पष्ट आहे : घराचे चटई क्षेत्र, म्हणजे बाहेरच्या भिंती सोडून आतली वापरायची जागा, गुणिले आजच्या बांधकामाचा दर. विमा रक्कम जास्त लिहिली म्हणून नुकसानापेक्षा जास्त भरपाई कधीच मिळत नाही, त्यामुळे जागेच्या किमतीवर भरलेला हप्ता निव्वळ वाया जातो. एजंटचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण कारण न तपासता त्याने पुराकडे बोट दाखवले, हे मला खटकले.

आमच्या गल्लीत सध्या बांधकाम करत असलेल्या कंत्राटदाराला विचारले. त्याने साध्या आरसीसी घराचा दर चौरस फुटाला १,७०० रुपये सांगितला, मात्र तो बांधीव क्षेत्रावरचा, म्हणजे भिंतींची जागा धरून होता. आमचे बांधीव क्षेत्र १,३५० चौरस फूट आणि चटई क्षेत्र १,१५० चौरस फूट आहे. येथे चूक होण्याचा फार संभव असतो, कारण बांधीव क्षेत्राचा दर तसाच चटई क्षेत्राला लावला तर रक्कम कमी भरते. १,३५० गुणिले १,७०० म्हणजे सुमारे २३ लाख. ती चटई क्षेत्रावर भागली तर दर २,००० रुपये येतो, आणि फॉर्मवर हाच दर लिहायला हवा.

घरातील सामानाचे गणित निराळे आहे. बांधकामाच्या विमा रकमेच्या २० टक्के, मात्र जास्तीत जास्त १० लाखांपर्यंतचे सर्वसाधारण सामान, कोणताही तपशील न देता या पॉलिसीत आपोआप धरले जाते. ६२ लाखांवर ते १० लाख होत होते आणि एजंटने तेच मोठ्या कौतुकाने सांगितले होते. २३ लाखांवर मात्र ते ४ लाख ६० हजारच होते, आणि आमचे सामान त्याहून अधिक आहे. अशा वेळी यादी देऊन रक्कम वाढवून घेता येते. एका रविवारी मी आणि सासूबाई वही घेऊन खोलीखोलीतून फिरलो. त्यांनी तांब्याचा बंब आणि पितळी भांडी आधी लिहायला लावली नाहीत. "भांड्यांना पाण्यानं काय होतंय? धुतली की झाली," असे त्या म्हणाल्या. २०१९ मध्ये तसेच घडले होते. भांडी चिखलातून काढून चिंचेने घासली आणि पुन्हा मांडणीवर गेली. फ्रिज मात्र स्वयंपाकघरात आडवा तरंगत होता आणि प्लायवूडचे दिवाण अंगठ्याने दाबले तर भिजलेल्या पावासारखे दबत होते. तरीही आगीचा विचार करून भांडी शेवटी यादीत घेतली. एकूण बेरीज ७ लाख झाली.

आता हिशेब पाहा. ६२ आणि १० असे ७२ लाखांवर हजारी ६० पैशांनी ४,३२० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५,०९८. तोच दर २३ आणि ७ अशा ३० लाखांना लावला की १,८०० रुपये, करासह २,१२४. दुसऱ्या एका कंपनीने याच ३० लाखांसाठी हजारी ५२ पैसे सांगितले. करासह ते १,८४१ रुपये होतात. म्हणजे कंपनी बदलून आमचे २८३ रुपये वाचले असते, आणि विमा रक्कम नीट लिहून जवळजवळ तीन हजार रुपये वाचले. सर्व जण कोणती कंपनी स्वस्त, हेच विचारत बसतात, पण आमच्या कागदावरचा अन्याय दरात नव्हताच. तो रकमेच्या रकान्यात होता.

याची उलटी बाजूही मी भोगलेली आहे, म्हणून हप्ता कमी म्हणजे रास्त असे मी मानत नाही. २०१९ मध्ये आमच्याकडे दुसऱ्या एका कंपनीची जुनी पॉलिसी होती. हप्ता अगदी कमी बसावा म्हणून आम्ही सामानाचा विमा फक्त २ लाखांचा घेतला होता. पाणी ओसरल्यावर सर्व्हेअर आला, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेशी टेप लावून त्याने फोटो काढले आणि घरातील एकूण सामानाची किंमत ५ लाख ठरवली. नुकसान १ लाख ८० हजारांचे मान्य झाले, पण हातात ७२ हजार आले. सामानाच्या ४० टक्के किमतीचाच विमा होता, म्हणून भरपाईही ४० टक्के, असा त्या पॉलिसीचा नियम होता आणि तो नियम आम्हांला विकताना कोणीही समजावून सांगितला नव्हता. भारत गृह रक्षा पॉलिसीत ही कपात पूर्णपणे काढून टाकली आहे. विमा रक्कम अपुरी असली तरी त्या रकमेच्या मर्यादेपर्यंत झालेले नुकसान भरून दिले जाते. केवळ या एका बदलासाठी मी या पॉलिसीला चांगले म्हणेन.

तिच्यात उणिवा आहेत, आणि त्यांतली चोरीची उणीव आमच्या भागातील लोकांनी विशेष लक्षात घ्यावी. साध्या घरफोडीचे संरक्षण मूळ पॉलिसीत नाही. पूर, आग अशी विम्यातील घटना घडल्यापासून ७ दिवसांच्या आत, तिच्यामुळे चोरी झाली तरच ती धरली जाते. पाणी चढू लागले की आम्ही दाराला कुलूप लावून विश्रामबागला जातो; २०१९ मध्ये परतायला आठ दिवसांहून अधिक काळ लागला होता. हे लक्षात घेऊन आम्ही घरफोडीचे वेगळे संरक्षण घेतले. त्याचा हप्ता ७ लाखांच्या सामानाला करासह १,००३ रुपये पडला. हजारी दराने पाहिले तर मूळ पॉलिसीच्या दुपटीचा हा दर आहे आणि मला तो महाग वाटतो, परंतु घर रिकामे सोडून जाण्याची वेळ ज्यांच्यावर येते त्यांना तो टाळता येत नाही.

दागिन्यांसाठीही वेगळे कलम निवडावे लागते. त्यांची एकूण विमा रक्कम ५ लाखांच्या आत आणि एकेका दागिन्याची किंमत १ लाखाच्या आत असेल, तर मूल्यांकनाचे प्रमाणपत्र लागत नाही. सोन्याच्या आजच्या भावात साध्या बांगड्यांची जोडीही ही मर्यादा ओलांडते, त्यामुळे ही सवलत आता कागदावरचीच राहिली आहे. आम्ही दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतो आणि हे कलम घेतलेले नाही. भिंतींना वर्षानुवर्षे मुरणारी ओल आणि वापराने होणारी झीज विम्यात येत नाही. पुराआधीची ओल आणि पुराने झालेले नुकसान यांत वाद होऊ नये म्हणून दर जून महिन्यात प्रत्येक खोलीच्या भिंतींचे फोटो काढून ठेवणे उपयोगी पडेल, असे मला वाटते.

शेवटी आम्ही जुन्याच कंपनीकडे राहिलो. तिचे कार्यालय सांगलीत आहे आणि सर्व्हेअरसाठी दुसऱ्या शहरात फोन करत बसण्यापेक्षा २८३ रुपये जास्त देणे मला मान्य आहे. दुरुस्त रकमेची पॉलिसी मिळायला मात्र तीन फेऱ्या माराव्या लागल्या. पहिल्या प्रतीवर चटई क्षेत्राच्या जागी बांधीव क्षेत्र छापून आले होते आणि दुसरीवर सामानाची यादी जोडलेलीच नव्हती. सेवेला मी पाचपैकी तीन गुण देईन, पॉलिसीला चार आणि दुरुस्त झालेल्या हप्त्याला साडेचार. पॉलिसी, यादी आणि मोठ्या वस्तूंच्या बिलांच्या प्रती आता बहिणीकडे विश्रामबागला ठेवल्या आहेत, कारण २०१९ मध्ये फ्रिजचे बिल फ्रिजच्याच वरच्या डब्यात होते.