पीकेजीबिल्ड : वाचता येणारी पॅकेज-फाइल

लिनक्सवर एखादे सॉफ्टवेअर मूळ कोडपासून बांधून पॅकेजच्या रूपात बसवायचे असेल, तर त्या पॅकेजची माहिती सांगणारी एक फाइल आधी लिहावी लागते. सॉफ्टवेअरचे नाव काय, आवृत्ती कोणती, परवाना कोणता, मूळ कोड कुठून आणायचा, तो बांधताना आणि नंतर चालवताना आणखी कोणती पॅकेजे लागतात, हा सगळा तपशील तिच्यात असतो. लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांत तिचे रूप वेगळे असते : डेबियनमध्ये या कामासाठी ‘डेबियन’ याच नावाचे एक अख्खे फोल्डर असते, फेडोरामध्ये स्पेक फाइल असते आणि आर्च लिनक्समध्ये पीकेजीबिल्ड असते. या तिन्हींपैकी पीकेजीबिल्डशी माझा सर्वांत जास्त संबंध आला आहे, आणि एकट्या माणसाला स्वतःच्या गरजेपुरते पॅकेज बांधायचे असेल तर याहून चांगले साधन मला अद्याप सापडलेले नाही. मात्र ज्या गुणामुळे ते इतके सोपे झाले आहे, त्याच गुणातून त्याचा सर्वांत गंभीर धोकाही येतो.

आर्च लिनक्सची पहिली आवृत्ती जड व्हिनेट यांनी मार्च २००२ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा पॅकेज व्यवस्थापक पॅकमन, आणि त्याच्याच सोबत येणारी मेकपीकेजी ही कमांड पीकेजीबिल्ड वाचून पॅकेज तयार करते. पीकेजीबिल्ड म्हणजे दुसरे तिसरे काही नसून बॅश शेलची, म्हणजे संगणकाला टाइप करून आज्ञा देण्याच्या भाषेतली, एक स्क्रिप्ट आहे. वरच्या भागात काही ठरावीक नावांचे व्हेरिएबल (नाव दिलेली मूल्ये) असतात आणि खालच्या भागात काही ठरावीक नावांची फंक्शन (नाव दिलेले आज्ञांचे गट) असतात. नाव, आवृत्ती, रिलीज क्रमांक (त्याच आवृत्तीचे पॅकेज कितव्यांदा बांधले तो आकडा) आणि प्रोसेसरचा प्रकार ही चारच व्हेरिएबल सक्तीची आहेत. बाकी सर्व गरजेप्रमाणे. शेल थोडेफार जाणणाऱ्या माणसाला यात नवी भाषा शिकावी लागत नाही, आणि माझ्या दृष्टीने हा या साधनाचा सर्वांत मोठा गुण आहे.

हे प्रत्यक्ष कसे उतरते, ते पाहण्यासाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’ हा मुक्त परवान्याचा देवनागरी फाँट मी स्वतः पॅकेज केला. घरातल्या दोन्ही संगणकांवर तो हवा होता, आणि फाइली हाताने कुठेतरी टाकून नंतर त्या विसरून जाण्याची माझी जुनी सवय मोडायची होती. फाँटसाठी कंपाइल करण्यासारखे, म्हणजे कोडातून चालणारा प्रोग्राम बनवण्यासारखे, काही नसते, त्यामुळे बिल्ड फंक्शन लागलेच नाही. प्रोसेसरच्या जागी ‘एनी’ लिहिले, कारण फाँट कोणत्याही यंत्रावर सारखाच चालतो. पॅकेज फंक्शनमध्ये दोनच ओळी आल्या : एकीने सातही वजनांच्या (अक्षरांच्या जाडीच्या प्रकारांच्या) टीटीएफ फाइली फाँटच्या नेहमीच्या फोल्डरात ठेवल्या आणि दुसरीने परवान्याची फाइल परवान्यांच्या फोल्डरात ठेवली. ही दुसरी ओळ अनेकजण विसरतात. जीपीएलसारख्या सर्वत्र एकसारख्या असणाऱ्या मुक्त परवान्यांचा मजकूर व्यवस्थेत आधीच असतो; पण ओपन फाँट परवान्याच्या मजकुरातच त्या त्या निर्मात्याची स्वामित्व-नोंद असल्यामुळे त्याची प्रत प्रत्येक पॅकेजसोबत द्यावीच लागते. देवनागरीसाठी इतकी मेहनत घेणाऱ्यांचे नाव त्यांच्या फाँटसोबत प्रत्येक संगणकावर पोहोचावे, हे मला नियमापलीकडेही महत्त्वाचे वाटते.

आणखी एका गोष्टीने समाधान वाटले. पूर्वी फाँटचे पॅकेज बसवल्यावर फाँटची यादी ताजी करण्यासाठी पॅकेजसोबत एक वेगळी इन्स्टॉल फाइल लिहावी लागत असे आणि प्रत्येक फाँटच्या पॅकेजमध्ये त्याच त्या ओळी पुन्हा लिहिलेल्या असत. २०१६ मध्ये आलेल्या पॅकमनच्या ५.० या आवृत्तीत हूक ही सोय आली. आता फाँटच्या फोल्डरात नवी फाइल आली की फाँटकॉन्फिगचा हूक आपोआप यादी ताजी करतो, आणि पॅकेज लिहिणाऱ्याला त्याविषयी एक अक्षरही लिहावे लागत नाही. मेटाडेटाच्या फाइलीतून अनावश्यक मजकूर काढून टाकणे ही सुधारणा दिसायला लहान असली, तरी शेकडो फाइलींमधली पुनरुक्ती तिने संपवली.

बांधणीच्या पद्धतीतही बराच विचार दिसतो. मेकपीकेजी रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या, वापरकर्त्याकडून चालवून घेण्यास साफ नकार देते. पॅकेज फंक्शन फेकरूट नावाच्या आवरणात चालते, त्यामुळे फाइलींची मालकी रूटची म्हणून नोंदली जाते, परंतु प्रत्यक्षात तो अधिकार कोणालाही दिलेला नसतो. सर्व फाइली आधी एका तात्पुरत्या फोल्डरात रचल्या जातात आणि मग त्या फोल्डराचेच पॅकेज होते. तयार पॅकेजच्या आत मेकपीकेजी स्वतःहून तीन नोंदी टाकते : पॅकमनला लागणारी माहिती, प्रत्येक फाइलीचा आकार व तिच्या परवानग्या, आणि बांधणीच्या वेळी यंत्रावर कोणती पॅकेजे कोणत्या आवृत्तीत होती त्याची यादी. या तिसऱ्या नोंदीमुळे तेच पॅकेज दुसऱ्या कोणाला तंतोतंत पुन्हा बांधून पडताळता येते.

आवृत्तीच्या क्रमांकांबाबत मात्र नवख्या माणसाने सावध राहावे. पॅकमन आवृत्त्यांची तुलना करतो तेव्हा ‘१.० आरसी’ (अंतिम आवृत्तीआधीची चाचणीची आवृत्ती) ही आवृत्ती ‘१.०’ च्या आधीची ठरते, म्हणजे आपल्याला हवे तसेच घडते. डेबियनमध्ये त्याच परिणामासाठी मध्ये टिल्ड (~) हे चिन्ह घालावे लागते. आवृत्तीत संयोगचिन्ह चालत नाही, कारण आवृत्ती आणि रिलीज क्रमांक वेगळे करण्यासाठी तेच चिन्ह राखून ठेवलेले आहे. मूळ निर्मात्याने क्रमांकाची पद्धतच बदलली, उदाहरणार्थ वर्षावर आधारित क्रमांक सोडून पुन्हा १ पासून सुरुवात केली, तर इपॉक हे व्हेरिएबल वाढवावे लागते, आणि एकदा वाढवलेला इपॉक पुढे कधीही कमी करता येत नाही. म्हणून तो शेवटचा उपाय म्हणूनच वापरावा.

आता दोषांकडे येतो. पीकेजीबिल्ड ही स्क्रिप्ट असल्यामुळे तिच्यातली माहिती खात्रीने कळण्यासाठी ती चालवावी लागते. आवृत्तीचा क्रमांक दुसऱ्या व्हेरिएबलमधून तयार होत असेल, किंवा अवलंबित (म्हणजे सोबत लागणाऱ्या) पॅकेजांची यादी एखाद्या अटीवर ठरत असेल, तर नुसत्या नजरेने वाचणाऱ्या प्रोग्रामला ते समजत नाही. आणि चालवायची म्हटले, तर फंक्शनच्या बाहेर लिहिलेली प्रत्येक आज्ञा त्याच क्षणी चालते, मग आपल्याला केवळ पॅकेजचे नाव पाहायचे असले तरीही. डेबियनची कंट्रोल फाइल याच्या नेमकी उलट आहे. तिच्यात ‘नाव, अपूर्णविराम (:), मूल्य’ अशा साध्या ओळी असतात, एक परिच्छेद मूळ कोडाचा आणि पुढचे परिच्छेद तयार होणाऱ्या पॅकेजांचे. काहीही न चालवता कोणताही प्रोग्राम ती वाचू शकतो. बांधणीच्या आज्ञा तिथे वेगळ्या रूल्स फाइलीत असतात. माहिती आणि आज्ञा यांची ही फारकत तत्त्वतः अधिक योग्य आहे, हे मला मान्य करावे लागते.

आर्चने या अडचणीवर काढलेला तोडगा म्हणजे एसआरसीइन्फो ही दुसरी फाइल. मेकपीकेजीच्या एका आज्ञेने ती पीकेजीबिल्डमधून तयार होते आणि तिच्यात फक्त सपाट माहिती असते, आज्ञा नसतात. एयूआर, म्हणजे वापरकर्त्यांनी दिलेल्या पीकेजीबिल्डांचे आर्चचे भांडार, २०१५ मध्ये गिटवर (कोडातल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेवर) गेले तेव्हापासून प्रत्येक पॅकेजसोबत ही फाइल देणे बंधनकारक आहे. तोडगा उपयुक्त आहे, पण अपुरा आहे. दोन फाइलींत एकच माहिती ठेवली की त्यांपैकी एक कधीतरी मागे पडतेच. पीकेजीबिल्डमध्ये नवी आवृत्ती लिहिली आणि एसआरसीइन्फो पुन्हा तयार करायला विसरलो, असे माझ्या हातून एकाहून अधिक वेळा घडले आहे, आणि भांडारात पाहणाऱ्याला जुनीच आवृत्ती दिसत राहिली आहे. दोन्ही फाइली जुळतात की नाही हे भांडारानेच तपासायचे, तर त्याला अनोळखी माणसाची स्क्रिप्ट चालवावी लागेल, आणि ते भांडार करणार नाही हे योग्यच आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न यातूनच येतो. जुलै २०१८ मध्ये एयूआरवरील बेवारस झालेल्या ॲक्रोरीड या पीडीएफ वाचकाच्या पॅकेजचा ताबा घेऊन एका वापरकर्त्याने त्याच्या पीकेजीबिल्डमध्ये बाहेरून स्क्रिप्ट आणून चालवणारी ओळ घातली होती. जुलै २०२५ मध्ये ब्राउझरच्या दुरुस्त्या असल्याचे भासवणारी काही पॅकेजे तिथे चढवली गेली. त्यांच्या सोर्सच्या यादीत, म्हणजे मूळ कोड कुठून आणायचा त्या यादीत, ‘पॅचेस’ अशा निरुपद्रवी नावाने एक परके गिट भांडार जोडलेले होते आणि त्यातून दूरस्थ ताबा मिळवणारा प्रोग्राम यंत्रावर येत होता. दोन्ही वेळा ती पॅकेजे लवकरच काढून टाकण्यात आली, आणि दोन्ही वेळा घातक ओळ फाइलीत उघडपणे लिहिलेली होती. सोर्सची यादी, फंक्शनच्या बाहेरच्या आज्ञा आणि इन्स्टॉल फाइल या तीन जागा वाचायला लहान पॅकेजसाठी पाच मिनिटेही लागत नाहीत. एयूआरमधून एका आज्ञेत सर्व काही बसवून देणारी मदतनीस साधने वापरणाऱ्यांनी फाइल दाखवण्याची पायरी बंद करून ठेवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

चेकसमबद्दल, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेल्या ओळख-आकड्याबद्दल, गैरसमज आहेत. फाइलीत दिलेला शा२५६ चेकसम जुळला, याचा अर्थ इतकाच की पॅकेज लिहिणाऱ्याने जी फाइल पाहिली तीच आपल्याकडे आली आहे. ती फाइल निर्दोष आहे, असे तो सांगत नाही. मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या एक्सझेड या संपीडनाच्या साधनाच्या प्रकरणात हेच दिसले. मूळ प्रकल्पाच्या व्यवस्थापकांपैकीच एकाने बनवलेल्या टारबॉलमध्ये (मूळ कोडाच्या संपीडित गठ्ठ्यामध्ये) गिटमध्ये नसलेला बांधणीचा कोड होता, आणि टारबॉल अस्सल असल्यामुळे चेकसम आणि सही या दोन्ही तपासण्यांना तो सहज उतरला. त्यानंतर आर्चने एक्सझेडचे पॅकेज टारबॉलऐवजी थेट गिटमधून बांधायला घेतले. त्याच महिन्यात आलेल्या पॅकमन ६.१ मध्ये गिटच्या सोर्ससाठीही चेकसम देण्याची सोय झाली. त्याआधी तिथे ‘स्किप’ असे लिहून पुढे जावे लागत असे. याच्या उलट बाजूचे उदाहरण जानेवारी २०२३ च्या अखेरीस घडले. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर आपोआप तयार होणाऱ्या टारबॉलांची संपीडनाची पद्धत बदलली, आतला कोड तोच असूनही बाहेरचे बाइट बदलले, आणि असंख्य प्रकल्पांचे चेकसम एकाएकी चुकीचे ठरले. बदल लगेच मागे घेतला गेला, तरी गिटमधला टॅग किंवा कमिट (नोंदलेली ठरावीक अवस्था) थेट सोर्स म्हणून देणे अधिक भरवशाचे आहे, हे तेव्हा माझ्या मनात पक्के झाले.

स्पेक फाइलीशी तुलना केली तर एका बाबतीत पीकेजीबिल्ड निश्चित कमी पडते. आरपीएम या फेडोराच्या पॅकेज-व्यवस्थेत पॅकेजात जाणाऱ्या फाइलींची यादी द्यावी लागते, आणि यादीत नसलेली एखादी फाइल बांधणीनंतर सापडली तर बांधणी थांबते. पीकेजीबिल्डमध्ये तात्पुरत्या फोल्डरात जे काही पडेल ते मुकाट्याने पॅकेजात जाते. अवलंबित पॅकेजांचेही तसेच आहे : डेबियनची साधने तयार झालेला प्रोग्राम तपासून त्याला लागणाऱ्या लायब्ररी स्वतः शोधतात, तर इथे ती यादी माणसाने लिहायची असते. स्वतःच्या यंत्रावर सर्व लायब्ररी आधीच असल्यामुळे राहून गेलेले नाव तिथे लक्षात येत नाही, दुसऱ्याच्या यंत्रावर येते. त्यावर नॅमकॅप हे तपासणीचे साधन चालवणे आणि स्वच्छ क्रूटमध्ये (फक्त मूलभूत पॅकेजे असलेल्या, उरलेल्या यंत्रापासून वेगळ्या केलेल्या फोल्डरात) बांधणी करणे हे दोन उपाय आहेत, आणि पॅकेज इतरांना द्यायचे असेल तर हे दोन्ही सक्तीचेच समजावेत.

तरीही डेबियनचे फोल्डर प्रथमच उघडणाऱ्याला कंट्रोल, रूल्स, चेंजलॉग, कॉपीराइट अशा चार-पाच फाइलींची वेगवेगळी व्याकरणे एकदम शिकावी लागतात. चेंजलॉगच्या शेवटच्या ओळीत ईमेल आणि तारीख यांच्यामध्ये एक नव्हे, दोन मोकळ्या जागा सोडाव्या लागतात. हजारो लोकांनी मिळून वर्षानुवर्षे सांभाळायच्या व्यवस्थेला अशी शिस्त शोभते. घरातल्या दोन संगणकांसाठी एक फाँट बांधणाऱ्याला ती जड जाते, आणि बहुतेक वेळा तो माणूस पॅकेज करण्याचा नाद सोडून फाइली पुन्हा हाताने टाकू लागतो.

ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांनी आर्चच्या स्वतःच्या पॅकेजांचे पीकेजीबिल्ड वाचण्यापासून सुरुवात करावी. मे २०२३ पासून ती सर्व आर्चच्या गिटलॅबवर आहेत, आणि २०२४ च्या अखेरीस त्यांना झिरो-क्लॉज बीएसडी हा अत्यंत मोकळा परवाना देण्याचे जाहीर झाल्यामुळे त्यांतून उचललेल्या ओळींविषयी पूर्वी असलेली संदिग्धताही मिटली आहे. आपल्याला हव्या त्या सॉफ्टवेअरच्या जातकुळीतले एक पॅकेज निवडावे आणि ते आपल्या यंत्रावर जसेच्या तसे बांधून पाहावे. माझी मुक्ताची फाइल अशाच एका फाँटच्या फाइलीवरून लिहिली गेली आणि ती पंचवीस ओळींच्या आत संपली. नवी आवृत्ती आली की मी क्रमांक बदलतो, रिलीज पुन्हा १ करतो, चेकसम ताजे करून घेतो आणि मेकपीकेजी चालवतो. दोन्ही संगणकांवर सातही वजने एकाच वेळी बदलतात, आणि पॅकमनला विचारले की कोणती फाइल कोणत्या पॅकेजची आहे ते तो लगेच सांगतो.