जुन्या टर्नटेबलला नवी सुई : व्हीएम ९५ ची हिरवी घ्यावी की लाल?

वापरलेला टर्नटेबल घेताना मोटर फिरते का, पट्टा सैल झालाय का, झाकणाला तडा आहे का, हे सगळं पाहिलं जातं. सुई मात्र कुणी वाकून बघत नाही. रेकॉर्डला प्रत्यक्ष लागते ती एवढीच वस्तू, आणि आधीच्या घरात ती किती तास चालली हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणून जुन्या टर्नटेबलवरची सुई झिजलेलीच आहे असं धरावं आणि नव्या सुईचे पैसे सौद्यातच मोजावेत.

सध्या जुन्या बाजारात ऑडिओ-टेक्निकाचे एलपी १२० जातीचे टर्नटेबल बरेच दिसतात. त्यांतल्या नव्या मॉडेलांवर व्हीएम ९५ ई हे कार्ट्रिज (सुई धरून तिच्या थरथरीचा विद्युत संकेत करणारा छोटा ठोकळा) असतं. व्हीएम ९५ ही मालिका २०१८ मध्ये आली. तिची मोठी सोय म्हणजे कार्ट्रिजचा मूळ ठोकळा तोच राहतो आणि त्यात सहा प्रकारच्या सुया बसतात. त्यांतल्या दोन सुयांबद्दल हे परीक्षण आहे : हिरव्या प्लास्टिकची व्हीएमएन ९५ ई आणि लाल प्लास्टिकची व्हीएमएन ९५ एमएल. इंदुरात रामबाग, लोकमान्यनगर भागातल्या मराठी घरांत जपलेल्या रेकॉर्डांत ख्याल असतात, नाट्यपदं असतात, भावगीतं असतात. निवड त्या संग्रहाकडे बघून करायची आहे, इंग्रजी रॉकच्या रेकॉर्डांवर दिलेल्या मतांकडे बघून नाही.

पैसे भरण्याआधी एक खात्री करून घ्या, कारण इथे हमखास चूक होते. व्हीएम ९५ च्या आधी एटी ९५ ई हे कार्ट्रिज होतं आणि त्याचीही सुई हिरवीच. जुन्या एलपी १२० यूएसबीवर तेच येत असे. दोन्ही सुया फोटोत सारख्या वाटतात, पण एका कार्ट्रिजची सुई दुसऱ्याच्या ठोकळ्यात बसत नाही. ओळखायचं असेल तर हेडशेल (टोनआर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज धरणारा भाग) काढून उलटं धरा. व्हीएम ९५ च्या ठोकळ्यात आटे असलेली भोकं असतात, स्क्रू थेट त्यात फिरतात. एटी ९५ ला स्क्रूच्या दुसऱ्या टोकाला नट लागतात. नट दिसले तर व्हीएमएनची सुई मागवू नका. अशा वेळी जुन्या ठोकळ्यासाठी सुई हुडकत बसण्यापेक्षा व्हीएम ९५ चं अख्खं कार्ट्रिज बसवणं शहाणपणाचं.

आता मुख्य मुद्दा. एलपी मिनिटाला सव्वातेहतीस ते साडेतेहतीसच्या दरम्यान, नेमकं सांगायचं तर ३३⅓ फेरे घेते, आणि हा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच असतो. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलाजवळ जेमतेम २१. म्हणजे तोच आवाज आत जाताना निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. १० हजार हर्ट्झच्या स्वराची एक लाट कडेला ५१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब असते आणि लेबलाजवळ २१ मायक्रॉन. गोल टोकाच्या साध्या सुईची त्रिज्या १५ मायक्रॉनच्या आसपास. ती या वळणात पुरती शिरूच शकत नाही, वरून घासत जाते. लंबगोल ई सुईच्या कडेची त्रिज्या साधारण साडेसात मायक्रॉन. एमएल म्हणजे मायक्रोलिनियर सुईची कड ३ मायक्रॉनच्या आसपास, आणि वर-खाली मात्र ती खाचेच्या भिंतीला लांब पट्टीने टेकते.

ख्यालाच्या रेकॉर्डला याचा फटका सगळ्यात जास्त बसतो. आमीर खाँसाहेबांसारखी अतिविलंबित झुमरा तालात सावकाश उलगडणारी गायकी एलपीच्या एका बाजूवर घेतली, तर बाजू वीस मिनिटांच्या पुढे जाते. आलापी कडेच्या प्रशस्त खाचांत पडते. द्रुत, तराणा, ताना हे सगळं लेबलाजवळच्या दाटीत. जिथे गळा सगळ्यात वेगाने फिरतो तिथेच रेकॉर्डकडे जागा सगळ्यात कमी असते. त्यामुळे सुईची परीक्षा पहिल्या पाच मिनिटांत करू नये. शेवटच्या पाच मिनिटांत करावी.

या कसोटीवर हिरवी ई कडेला स्वच्छ वाजते. मध्यापर्यंत तक्रारीला जागा नाही. बाजू संपत आली की तानेतले स्वर एकमेकांना चिकटू लागतात, 'स' आणि 'श' ला फुसफुस येते, हार्मोनियमचे वरचे स्वर किंचित चिरके होतात. ऐकणं नकोसं होईल इतकं हे नसतं, पण एकदा कानात बसलं की ते ऐकू येतच राहतं. लाल एमएल लावून तीच बाजू वाजवली तर द्रुताची तान दाण्यादाण्याने वेगळी येते. त्याहून पक्की खूण तानपुऱ्याची. जवारीची ती मधमाशीसारखी झिणझिण गायकाच्या मागे शेवटपर्यंत जागेवर राहते का, हे कान देऊन ऐका. ई वर ती शेवटी धूसर होते, एमएल वर नाही. तुलना करताना एक काळजी घ्या. ई चा आवाज ४ मिलिव्होल्ट आणि एमएल चा साडेतीन, म्हणजे लाल सुई थोडी हळू वाजते. आवाजाची पातळी सारखी न करता ऐकलं तर हिरवीच जास्त जिवंत वाटेल आणि निकाल चुकेल.

एमएल चा एक तोटाही सांगायला हवा. ती खाचेत खोल जाते, तशी खोल बसलेली धूळही ऐकवते. वर्षानुवर्षं पोटमाळ्यावर पडलेली रेकॉर्ड न धुता तिच्यावर लावली तर कडकड वाढल्यासारखी वाटेल. रेकॉर्ड धुवायची तयारी नसेल तर एमएल घेऊ नका. उलट, पूर्वी गोल सुईने झिजवलेल्या काही रेकॉर्डांत एमएल ची पट्टी भिंतीच्या न घासलेल्या भागाला टेकते आणि गेल्यासारखी वाटणारी रेकॉर्ड पुन्हा ऐकण्याजोगी होते. हे प्रत्येक रेकॉर्डबाबत होईलच असं नाही.

किमतीचा हिशेब तासांवर करा. ऑडिओ-टेक्निका लंबगोल सुईचं आयुष्य ३०० तास सांगते, गोल सुईचं ५०० आणि मायक्रोलिनियरचं १,०००. एलपीच्या दोन्ही बाजू मिळून ४० मिनिटं धरली तर हिरवीवर ४५० एलपी होतात आणि लालवर १,५००. रोज एक एलपी ऐकणाऱ्याला हिरवी सव्वा वर्ष पुरते, लाल चार वर्षं. त्या दिवशीचे दोन्हींचे भाव घ्या आणि तासांनी भागा. लाल सुई हिरवीच्या सव्वातीन पटीच्या आत मिळत असेल तर लालच स्वस्त. संग्रहात मुख्यतः सिनेमाची गाणी आणि ४५ फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्डी असतील तर हिरवी पुरेशी आहे. ख्याल आणि वाद्यसंगीत असेल तर आमचं मत सरळ लालच्या बाजूने.

'व्हीएम ९५ ला चालणारी' असं लिहिलेल्या बिननावाच्या स्वस्त सुयांपासून दूर राहा. त्यांत टोकाचा हिरा त्याला धरणाऱ्या बारीक दांडीवर तिरका चिकटवलेला असू शकतो. समोरून पाहिलं तर टोक एका अंगाला कललेलं दिसतं, आणि मग एका स्पीकरचा आवाज फाटतो. सराफ्यात वापरतात ते दहापट भिंग एवढं बघायला पुरतं : दांडी सरळ आहे का, टोक ताठ आहे का, मुळाशी गोंदाचा गोळा आहे का. हिऱ्याची झीज मात्र दहापटीत दिसत नाही, त्यासाठी शंभर-दोनशे पटीचं मायक्रोस्कोप लागतं. झिजलेल्या टोकावर दोन्ही बाजूंना आरशासारखे चपटे डाग चमकतात.

'न वापरलेली, तीस वर्षं जुन्या डब्यातली' सुई हाही मोह टाळावा. हिरा तसाच राहतो, पण दांडी ज्या रबरात रोवलेली असते ते रबर तसं राहत नाही. इंदूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर जी भट्टी होते, तिच्यात ते एक तर कडक होतं किंवा मऊ होऊन बसतं. कडक झालं तर आवाज पातळ होतो आणि सुई खाचेतून उडते. मऊ झालं तर कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला टेकतं.

सुई बदलायला दोन मिनिटं लागतात. हेडशेल काढून टेबलावर घ्या, ठोकळा एका हाताने घट्ट धरा, सुईच्या प्लास्टिकचा पुढचा भाग खाली दाबून बाहेर ओढा. नवी बसवताना मागचं टोक तिरकं आत घाला आणि पुढचा भाग वर उचला, टक् आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर ती अर्धवटच बसली आहे आणि एक बाजू हळू वाजेल. दांडीला बोट लावायचं नाही.

मग वजन. दोन्ही सुयांना २ ग्रॅम, मर्यादा १.८ ते २.२. अँटी-स्केट (टोनआर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेली कळ) शून्यावर ठेवा, सुईची टोपी काढा, काउंटरवेट (टोनआर्मच्या मागचं गोल वजन) फिरवून टोनआर्म हवेत आडवा तरंगू द्या. आकड्यांची कडी तेवढी शून्यावर आणा आणि मग अख्खं वजन २ वर फिरवा. अँटी-स्केटही २ वर. जुन्या टर्नटेबलची कडी खोटं बोलू शकते, म्हणून शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या, सराफाकडे असतो तशा छोट्या काट्यावर एकदा तपासाच. पण त्या काट्याची ताटली लोखंडी नसावी. कार्ट्रिजमध्ये चुंबक असतं, ते लोखंडाकडे ओढलं जातं आणि आकडा चुकू शकतो. काट्यावर सुई ठेवायची जागा रेकॉर्डच्या उंचीवर असेल तर उत्तम. वजन कमी ठेवलं तर रेकॉर्ड वाचते, ही समजूत उलटी आहे. हलकी सुई खाचेत डुगडुगते आणि भिंतीला ठोकरत जाते.

एमएल लावूनही आवाज तिखट, टोचणारा वाटत असेल तर सुईला दोष देण्याआधी तारा बघा. या कार्ट्रिजला ४७ किलोओहम आणि १०० ते २०० पिकोफॅरड एवढाच विद्युत भार (अँप्लिफायर आणि तारा मिळून) मानवतो. लांब, स्वस्त तारा वापरल्या की भार त्यापुढे जातो आणि वरचे स्वर उचलले जातात. एक मीटरच्या आतली तार ठेवा. तरीही फरक पडला नाही तर कार्ट्रिज सरळ बसलं आहे का ते कागदी मापावर पाहा. लाल सुई कोनाच्या बाबतीत हिरवीपेक्षा फार काटेकोर आहे, एक-दोन मिलिमीटरची चूकही तिचा सगळा फायदा घालवते.

दुसरे टर्नटेबल असतील तर थोडक्यात. एलपी ६० वर एटीएन ३६०० एल ही गोल सुई येते. तिला सुमारे ३ ग्रॅम वजन लागतं आणि ते कारखान्यातच ठरलेलं असतं. टेक्निक्सच्या ज्या टोनआर्ममध्ये कार्ट्रिज चार पिनांनी सरळ आत घुसतं, तिथे १.२५ ग्रॅमवर चालणारीच सुई घ्यावी. शूरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं बंद केलं, त्यांच्या ठोकळ्यांसाठी जपानच्या जिको कंपनीच्या सुया विश्वासाच्या. एचएमव्ही फिएस्टासारख्या जुन्या पेटीवजा प्लेयरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असतं. तिथली नीलमणी टोकाची सुई फार लवकर झिजते, म्हणून हिऱ्याचीच मागा. जेल रोडवरच्या दुकानात चौकशी करायची असेल तर नुसतं मॉडेल सांगू नका, जुनी सुई आणि ठोकळ्याचा खालून काढलेला फोटो सोबत न्या.

राहिल्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या. जुनी नाट्यपदं बहुतेक त्यांवरच आहेत. त्यांची खाच एलपीपेक्षा बरीच रुंद. एलपीची सुई तिच्या तळाशी खडखडत जाते आणि लाखेतली दगडाची भुकटी हिरा लवकर झिजवते. त्याच ठोकळ्यात व्हीएमएन ९५ एसपी बसते, टोक ३ मिल म्हणजे साधारण ७६ मायक्रॉन, वजन ५ ग्रॅम. बऱ्याच टर्नटेबलची कडी ४ वरच संपते. तेव्हा आधी ३ पर्यंत फिरवा, नुसती कडी परत शून्यावर आणा आणि आणखी २ फिरवा, आणि काट्यावर ५ आले का बघा. तबकड्या ऐकून झाल्या की एसपी तिथेच न ठेवता लगेच उतरवा आणि वजन २ वर आणूनच लाल सुई चढवा. ही जाड सुई चुकून एलपीवर पडली तर खाचेच्या वरच्या कडा कुरतडल्या जातात, आणि त्या रेकॉर्डला मग कुठलीच सुई लावून उपयोग नसतो.