ट्रेलरच्या बाथरूमचा पंखा: चौकट तीच, मोटर नवी (काही महिने वापरल्यानंतर)

आरव्हीच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या किंवा ट्रेलरच्या, बाथरूमच्या छतातला पंखा बंद पडला की बहुतेक जण सांगतात, अख्खा पंखा काढा आणि नवा बसवा. आम्ही तसं केलं नाही. छतातली चौकट जागेवर ठेवली आणि मोटर, पाती आणि वरचं झाकण एवढंच बदललं. टेक्सासचा उन्हाळा आणि त्यानंतरची थंडी त्यावर काढली. आता कुणी विचारलं तर मी हेच सांगेन: चौकटीभोवतीचं सीलंट, म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून लावलेला लेप, शाबूत असेल तर चौकटीला हात लावू नका.

आम्ही ऑस्टिनजवळ राहतो. ट्रेलर जुना आहे, अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही बनतात त्या इंडियानातल्या एल्कहार्ट भागातलाच. छत रबराचं, म्हणजे ईपीडीएमचं. बाथरूमला खिडकी नाही, त्यामुळे वाफ बाहेर जायची वाट एकच: छतातलं १४ बाय १४ इंचाचं भोक आणि त्यातला छोटा पंखा. पाण्याचा हीटर ६ गॅलनचा, म्हणजे सुमारे २३ लिटरचा, त्यामुळे आंघोळी आटोपशीरच होतात. पण सासूबाई भारतातून आल्या की त्यांना शॉवर नको असतो, बादलीत कढत पाणी लागतं. त्या बाहेर येईपर्यंत आरसा, भिंती, छत सगळं ओलं होऊन जातं. पंखा बंद पडल्यावर दोन-तीन सहलींतच छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसायला लागले आणि टॉवेलला कोंदट वास येऊ लागला. बुरशीला एवढं पुरतं.

बिघाड असा होता: बटण दाबलं की नुसती घुंई, पाती हलत नाहीत, बोटाने ढकललं की कुरकुरत फिरतात आणि थोड्या वेळाने पुन्हा थांबतात. फ्यूज ठीक होता. मल्टीमीटर लावला तर वायरवर १२ व्होल्टच्या वर दाब मिळत होता. वीज पोचते आणि दांडा हाताने फिरवतानाही अडतो, म्हणजे दोष मोटरच्याच आत. या छोट्या मोटरींमध्ये बॉल बेअरिंग नसतं, दांड्याला आधार देणारं, तेल शोषून घेतलेलं बुश (धातूची छोटी नळी) असतं. ते कोरडं पडलं की दांडा धरतो. वरून तेलाचे दोन थेंब सोडले तर काही दिवस चालतो, पण एकदा घासलेलं बुश त्याने पूर्ववत होत नाही. आणि मोटर अडून गरम होत असताना बटण चालू ठेवणं धोक्याचंच, सगळं प्लास्टिकच्या शेजारी असतं.

एका सर्व्हिस सेंटरला विचारलं तर त्यांनी पूर्ण नवा पंखा आणि मजुरी असा हिशेब दिला. पैशांपेक्षा मला छताची काळजी जास्त होती. पूर्ण पंखा काढायचा म्हणजे चौकटीवरचं जुनं सीलंट खरवडायचं, स्क्रू काढायचे, खालची ब्युटिल टेप (चिकट रबरी पट्टी) सोडवायची आणि ते सगळं नव्याने बसवायचं. ट्रेलरचं छत म्हणजे पातळ प्लायवूडवर चिकटवलेला रबराचा पडदा. खरवडताना पत्र्याची धार त्या रबरात गेली, किंवा नवा थर एका कोपऱ्यात नीट बसला नाही, तर पाणी लगेच दिसत नाही. ते आत मुरत राहतं आणि दिसतं तेव्हा लाकूड मऊ पडलेलं असतं. आमच्या चौकटीभोवतीचं सीलंट मळकट होतं, पण तडा कुठेच नव्हता. ते उखडायचं कारण मला पटलं नाही.

मोटर आणि पाती मिळून ४० डॉलरच्या आत आल्या. मागवण्याआधी जुनी मोटर हातात घेऊन बसा, कारण दिसायला सारख्या असल्या तरी त्या सारख्या नसतात. दांड्याची जाडी आणि लांबी बघा, तो पूर्ण गोल आहे की एका बाजूने सपाट, मोटरचा घेर किती, आणि ती घड्याळाच्या दिशेने फिरते की उलट. पाती त्याच वेळी मागवा. जुनं प्लास्टिक उन्हाने इतकं कडक होतं की दांड्यावरून ओढताना मधला भाग तडकतो. आमचाही तडकला. पात्यांच्या पुढच्या कडेवर करडी लव बसलेली होती, बोटाने ओढली तर चिकट, तेलकट. ती फोडणीची. स्वयंपाकाच्या ओट्यावरचा एक्झॉस्ट नावालाच आहे, म्हणून मी फोडणी देताना बाथरूमचं दार उघडं ठेवून हाच पंखा लावते. सगळा धूर तिकडे ओढला जातो आणि धुराचा अलार्म गप्प राहतो. नव्या पात्यांवरही ती लव आता धरायला लागली आहे. साबणाच्या पाण्याने पुसली की निघते. तशीच राहिली तर पाती एका बाजूला जड होतात आणि मोटर थरथरते.

काम सगळं आतूनच होतं. शोअर पॉवरची, म्हणजे मुक्कामाच्या जागी बाहेरून जोडलेल्या विजेची, वायर काढली म्हणजे वीज गेली असं समजू नका, १२ व्होल्ट बॅटरीवरून येतच राहतात. बॅटरीही तोडायची. मग आतली प्लास्टिकची चौकट, जाळी, मोटरची पट्टी या क्रमाने सगळं खाली येतं. स्क्रू चौकोनी खाचेचे असतात, तो बिट आधीच आणून ठेवा.

वायरच्या रंगांशी जरा थांबा. गाडीत काळी वायर म्हणजे निगेटिव्ह अशी आपली सवय असते. ट्रेलरच्या १२ व्होल्टमध्ये पुष्कळदा काळी पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह असते, आणि नव्या मोटरला मात्र लाल आणि काळी. लाल जाते छतातल्या काळीला, काळी जाते पांढरीला. पण रंगावर विश्वास ठेवण्यापेक्षा मीटरने बघून घ्या. उलटं जोडलं तर मोटर जळत नाही, उलटी फिरते, आणि पंखा बाहेरची हवा आत ढकलायला लागतो. कानाला फरक कळतही नाही. खात्री करायला टॉयलेट पेपरचा एक पदर जाळीला लावा. चिकटून राहिला तर हवा बाहेर जाते आहे. जोडणीला मी पिळायच्या टोप्या वापरल्या नाहीत. ट्रेलर रस्त्यावर हादरे खात असतो, टोप्या सैल होतात. दाबून बसवायचे कनेक्टर लावले आणि ओढून पाहिले.

वरचं झाकण बदलायला मात्र छतावर जावं लागलं. जुनं झाकण उन्हाने इतकं ठिसूळ झालं होतं की अंगठा दाबला तर कोपरा हातात आला. झाकणं दोन प्रकारच्या प्लास्टिकची मिळतात, पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आणि पॉलिकार्बोनेट जरा महाग. टेक्सासच्या उन्हात दुसरंच घ्यावं. बिजागरीचा आकार कंपनीप्रमाणे बदलतो, तेव्हा जुन्या बिजागरीचा फोटो काढून जुळवल्याशिवाय मागवू नका. छतावर गुडघे टेकायला प्लायवूडचा तुकडा घेतला, म्हणजे भार एका जागी पडत नाही. चढायचं ते सकाळी, दुपारी त्या रबरावर हात ठेववत नाही. वर गेलेच होते म्हणून सीलंटही तपासलं. ईपीडीएमवर पेट्रोलियमचं क्लीनर वापरायचं नाही, रबर फुगतं. आणि सिलिकॉन तर अजिबात नको, त्यावर पुढे दुसरं काहीच चिकटत नाही. लागलंच तर डायकॉर कंपनीचं आपोआप सपाट होणारं सीलंट.

आता वापराबद्दल.

ओढ चांगली आहे. आंघोळ झाली की आरसा पूर्वीपेक्षा खूप लवकर स्वच्छ होतो आणि रात्री टांगलेले टॉवेल सकाळी कोरडे मिळतात. मला तेवढंच हवं होतं. काळे ठिपके पुसल्यावर पुन्हा आले नाहीत. उन्हाळ्यात समुद्रकाठी, मस्टँग आयलंडला, हवाच इतकी दमट असते की तिथे टॉवेल कशानेही वाळत नाहीत, त्याचा दोष पंख्याला नाही. खाऱ्या हवेने आतल्या चौकटीचे स्क्रू मात्र गंजले. ते स्टेनलेसचे लावले.

पंख्याची खरी ताकद कळली ती खिडकी थोडी उघडल्यावर. बाथरूमचं दार लावून, सगळ्या खिडक्या बंद ठेवून पंखा लावला तर तो घुमतो, पण हवा हलत नाही. आत यायला वाट नसेल तर तो बाहेर काय टाकणार? त्याहून वाईट म्हणजे तो मिळेल तिथून ओढतो. शॉवरच्या मोरीतल्या वळणात पाणी असतं, ते प्रवासात हिंदकळून सांडतं किंवा ट्रेलर उभा असताना सुकतं. मग सांडपाण्याच्या टाकीतला वास तिथून वर येतो. मुक्कामाला पोचलो की मी प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतते आणि झोपायच्या खोलीची खिडकी बोटभर उघडते. दाराखाली फट आहेच. एवढ्याने चित्र बदललं.

टॉयलेटचंही तसंच. पंखा चालू असताना पेडल दाबून झडप उघडली की खालच्या मैल्याच्या टाकीतली हवा थेट वर येते, कारण आत दाब कमी झालेला असतो. आधी पंखा बंद, मग फ्लश, झडप बसली की पुन्हा चालू. पाहुण्यांना हे पहिल्या दिवशीच सांगून टाकते. ज्यांच्या ट्रेलरमध्ये वास येतो आणि टाकीत औषधं ओतून ओतून कंटाळा आला आहे, त्यांनी आधी ही सवय लावून बघावी.

थंडीत दुसराच प्रश्न आला. हिल कंट्रीत, म्हणजे ऑस्टिनच्या पश्चिमेच्या टेकड्यांत, पहाटे बाहेर गारठा आणि आत चार माणसं झोपलेली, त्यात सकाळी गॅसवर चहा. १ किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात हवेत येतं. ही वाफ सर्वांत गार जागी जाऊन बसते, म्हणजे झाकणाच्या आतल्या बाजूला, आणि तिथून थेंब पडतात. पहिल्यांदा ते थेंब पाहिले तेव्हा छत गळतं आहे असंच वाटलं होतं. बाहेर पाऊस नसताना थेंब पडत असतील तर आधी झाकणाखाली हात फिरवून बघा. आम्ही चहाच्या वेळी पंखा लावतो आणि खिडकी थोडी उघडी ठेवतो. गॅस जळत असताना बंद ट्रेलरमध्ये नुसता पंखा लावू नये, कार्बन मोनॉक्साइडच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे.

विजेचा प्रश्न आला नाही. मीटरवर पंखा २ अँपिअरच्या आसपास घेतो. रात्रभर, म्हणजे १० तास चालला तरी २० अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मेच वापरावेत, म्हणजे हातात ५०. विजेचं कनेक्शन नसलेल्या जागी मुक्काम असेल तर मी रात्रभर लावत नाही, झोपण्याआधी तासभर पुरतो.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. वेग एकच. शांत रात्री तो आवाज पलंगापर्यंत येतो आणि हलक्या झोपेच्या माणसाला खटकेल. जाळी प्रवासात खडखडायची, तिच्या कडेला फोमची पट्टी लावल्यावर थांबली. टेक्सासच्या उत्तर टोकाला, पॅनहँडलमध्ये, पालो ड्युरो कॅनियनला, वाऱ्याने उघडं झाकण इतकं फडफडलं की बंद करूनच झोपावं लागलं. म्हणून नंतर मॅक्सएअर कंपनीचं, झाकणाच्या वर बसणारं कव्हर बसवलं. ते चौकटीच्या उभ्या कडेला क्लिपने धरतं, छताला भोक पाडावं लागत नाही. पावसात आणि वाऱ्यात झाकण उघडं ठेवता येतं, हा फायदा फार मोठा आहे. बदल्यात बाथरूममध्ये उजेड जरा कमी येतो. आणि एक गोष्ट कुठेच वाचली नव्हती: कुंभारमाशीने कव्हरच्या जाळीच्या कोपऱ्यात मातीची नळकांडी बांधली, एकाला एक चिकटून. वाळल्यावर ती दगडासारखी होतात आणि हवेची वाट अडवतात. उन्हाळ्यात ट्रेलर बरेच दिवस उभा असेल तर टॉर्च घेऊन वर बघायलाच हवं.

मग मोठा पंखा कुणी घ्यावा? मॅक्सफॅनसारखा पंखा १० वेगांचा येतो, कंपनी ९०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ९०० घनफूट हवा, सांगते, आणि आमच्या छोट्या पंख्याशी त्याची बरोबरीच नाही. तो २०० डॉलरच्या पुढे जातो. ज्यांची चौकट तडकली आहे किंवा सीलंटखालून ओल येते आहे त्यांना छत उघडावंच लागणार. त्यांनी त्याच १४ इंची भोकात मोठा बसवावा. बाथरूमपुरतं म्हणाल तर मला त्याची गरज दिसत नाही. आमच्या झोपायच्या खोलीच्या छतात नुसता झरोका आहे, पंखा नाही, आणि तिथलं सीलंट एका बाजूने सुटायला लागलं आहे. ते भोक येत्या वसंतात उघडायचं आहे, मोठा पंखा तिथे बसेल. वायर बाथरूमच्याच पंख्यापासून ओढता येते, अंतर चार फूटही नाही, फक्त फ्यूजला दोन्ही पंख्यांचा भार एकत्र झेपतो का ते आधी मोजून घ्यायचं आहे.