पहिली ऑफ-रोड ट्रायल: जिम्नी, थार की गुरखा?

ऑफ-रोड ट्रायल म्हणजे रस्ता सोडून चिखल-खड्ड्यांत आखलेले टप्पे गाडीने पार करायची स्पर्धा. तिच्यात गाडी बहुतेक वेळ माणसाच्या चालीनेच जाते. दोन्ही बाजूंना टेप, मधे रोवलेले पोल. पोलला धक्का लागला किंवा टेप तुटली की दंडाचे गुण, वेळेत बाहेर पडला नाहीत तर टप्पा बाद. त्यामुळे ज्या बीएचपीवरून, म्हणजे इंजिनाच्या ताकदीच्या आकड्यावरून, आपण मित्रांशी भांडतो ती इथे फारशी कामाला येत नाही. गाडीचं वजन किती, पोट कुठे टेकतं आणि चाक हवेत गेल्यावर बाकीची चाकं काय करतात, एवढंच बघायचं. गाडी कंपनीतून आली तशीच उतरवायची असेल, म्हणजे स्टॉक वर्गात, तर हे आणखीच खरं.

चाक हवेत जाण्यापासून सुरू करतो, कारण नवखा तिथेच अडकतो. डिफरन्शियल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअरचा संच. साध्या डिफरन्शियलमध्ये ताकद सोपी वाट धरते. हवेतलं चाक गरागरा फिरतं, जमिनीवरचं ढिम्म उभं. पुढचं एक आणि मागचं विरुद्ध बाजूचं अशी दोन चाकं तिरपी उचलली गेली की फोर बाय फोर लावूनही, म्हणजे चारही चाकांना ताकद देऊनही, गाडी हलत नाही.

जिम्नीत यावरचा उपाय ब्रेकचा आहे: जे चाक फुकट फिरतंय त्याला गाडी स्वतःच ब्रेक लावते आणि ताकद त्याच जोडीतल्या दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे जाते. माझा पहिला टप्पा एका मित्राच्या जिम्नीत झाला. ओढ्याच्या काठावर डावं पुढचं आणि उजवं मागचं चाक वर गेलं, फिरायला लागलं, आणि मी घाबरून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला. पुन्हा दिला, पुन्हा काढला. शेवटी मार्शल, म्हणजे टप्प्यावर लक्ष ठेवणारा आयोजकांचा माणूस, खिडकीशी येऊन म्हणाला, "दादा, पाय सोडू नका. तिला काम करू द्या." पाय स्थिर धरला. खालून कर्रर्र-कर्रर्र आवाज, दोनएक सेकंद काहीच नाही, आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखी गाडी सरकली. तो आवाज ऐकून पाय न काढणं, एवढंच जिम्नीत शिकायचं असतं. पण ते शिकायला वेळ लागतो.

थारच्या काही व्हेरियंटमध्ये मागे मेकॅनिकल लॉक येतो. लॉक बसला की जोडीतली दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. मागच्या दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो आपोआप खट्कन बसतो. बटण नाही, लिव्हर नाही. नवख्याला हे फार सोयीचं. मात्र लॉक बसायला आधी चाक फिरावं लागतं, आणि ओल्या घसरड्या मातीत तेवढ्यात मागचा भाग सरकून पोलकडे जातो. बाकीच्या व्हेरियंटमध्ये जिम्नीसारखी ब्रेकची युक्ती आहे, तेव्हा विकत घेताना नेमकं विचारा. आणखी एक, हसू नका, पण हे होतं: जानेवारी २०२३ पासून थार नुसत्या मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. जुनी घेताना गिअरच्या शेजारी फोर बाय फोरचा दुसरा छोटा दांडा आहे ना, हे आधी बघा, रंग मग.

गुरखात पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक, आणि दोन्ही तुमच्या हातात. कागदावर हिचा हात कुणी धरणार नाही. पण पुढचा लॉक लावला की स्टिअरिंग जड होतं आणि गाडी नाकासमोर चालू लागते. पोलमधून वळायचं असेल तर तो आधी काढायला हवा. अडथळ्याच्या आधी लावा, वळणाच्या आधी काढा, हे डोकं पहिल्या दिवशी कुणाचं चालतं? घाई झाली की लॉक तसाच राहतो.

पोटाच्या बाबतीत मात्र जिम्नी मागे पडते. जिम्नी पाच दारांची, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २५९० मिमी, आणि मधल्या उंचवट्यावर पोट न टेकता पार होण्याचा कोन २४ अंश. थारचा व्हीलबेस २४५० मिमी आणि कोन २६ च्या पुढे, तीन दारांच्या गुरखाचे २४०० आणि २८. शेताचा साधा बांध ओलांडताना हे चार अंश कळतात. जिम्नीखालून खर्रकन आवाज येतो आणि गाडी तराजूसारखी डोलत बसते. आखूड व्हीलबेसची तीन दारांची जिम्नी आपल्याच देशात बनून परदेशी गेली, आपल्या नशिबी लांबडी आली, हे दुःख वेगळंच.

तरीही माझं झुकतं माप जिम्नीलाच आहे, आणि ते वजनामुळे. जिम्नी सुमारे १२०० किलो, थार पावणेदोन टनांच्या आसपास, गुरखा त्याहून जड. जिम्नी अडकली तर चार जण आणि एक दोर बहुतेक वेळा पुरतात. गुरखा रुतली तर दुसरी गाडी शोधायला निघा. पावसाळ्यात देशावरची काळी माती टायरच्या खाचांत भरली की टायर भाकरीसारखा गुळगुळीत होतो. मग लॉक असो नसो, कुणाचंच काही चालत नाही, पण हलकी गाडी कमी रुतते आणि लवकर निघते. कोकणात लाल चिखलाखाली जांभा लागतो. जिम्नीचे १९५ मिमी रुंदीचे अरुंद टायर चिखल कापून त्याच्यापर्यंत पोचतात. शिवाय हिचे पुढचे-मागचे दोन्ही अॅक्सल, म्हणजे दोन चाकं जोडणारे आस, एकसंध. एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबलं जातं. थार आणि गुरखाची पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत, ती जमीन लवकर सोडतात.

मात्र घरात एकच गाडी असेल, आठवडाभर हायवेवर जात असेल, तर थार घ्या. १०५ पीएसची जिम्नी चार माणसं आणि सामान घेऊन घाट चढताना दमते. गुरखा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, लाईन कशी धरायची, म्हणजे अडथळ्यांतून चाकं नेमकी कुठून न्यायची, ते कळल्यावर. मारुतीची जुनी जिप्सी टनाच्या आतली, पानपाट्यांच्या सस्पेन्शनची, अजूनही भल्याभल्यांना लाजवते. पण १५ वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण आणि दर रविवारी हातात पाना, हे ज्याला आवडतं त्यानेच त्या वाटेला जावं.

कुठलीही घेतलीत तरी पहिला खर्च त्याच मापाच्या ऑल-टेरेन, म्हणजे रस्ता आणि माती दोन्हींवर चालणाऱ्या, टायरवर करा, आणि टप्प्याआधी हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा. बंपर-बुलबारच्या (बंपरपुढच्या लोखंडी सांगाड्याच्या) नादाला लागू नका. बुलबारवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी आणली आणि कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करायचे नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. सुरुवात क्लबच्या एखाद्या दिवसाच्या ट्रायलने करा. गोव्यातली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही मोठी ऑफ-रोड स्पर्धा बघायला जरूर जा, भर पावसात, पण बघायलाच. तिथे विंचशिवाय, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणाऱ्या यंत्राशिवाय, पान हलत नाही.

आणि निघण्याआधी विम्याचा कागद उघडा. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. आयोजित शर्यत, वेगाची चाचणी यांच्याच रांगेत 'रिलायबिलिटी ट्रायल' (गाडीचा टिकाऊपणा तपासणारी चाचणी) हीही वगळलेली सापडेल. आयोजकांना नेमकं काय कव्हर आहे ते लेखी विचारा. या कलमात जिम्नी, थार, गुरखा असा भेद नाही.