थायरॉईड दाखवायला बेळगाव, कोल्हापूर, मिरज की गोवा?

टीएसएचचा (थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणाऱ्या हार्मोनचा) रिपोर्ट हातात पडला की आमच्या सीमाभागात औषधाआधी गावाची चर्चा सुरू होते. निपाणीची आत्या कोल्हापूरचं नाव घेते, खानापूरचे भावोजी गोव्यातलं बांबोळी सुचवतात, पुण्यात नोकरीला असलेला मुलगा म्हणतो, सगळं सोडा आणि इकडं या. ज्यांना आता ठरवायचंय त्यांनी दोन कामं आधी वेगळी करावीत. निदान पक्कं करणं हे एक-दोन खेपांचं काम आहे. उपचार चालू ठेवणं हे बहुतेकांच्या बाबतीत जन्मभराचं. पहिल्यासाठी लांब गेलं तर चालतं. दुसऱ्यासाठी लांबचा डॉक्टर धरलेली माणसं वर्षा-दोन वर्षांत जायची थांबतात आणि जुन्याच डोसवर दिवस काढतात, हे आजूबाजूला हवं तेवढं दिसतं.

आधी बघा, टीएसएच वर आहे की खाली

प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईड ग्रंथीवर उलटली की दोन अगदी विरुद्ध आजार होऊ शकतात. एक हाशिमोटो. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकानं १९१२ साली त्याचं वर्णन केलं. यात ग्रंथी हळूहळू थकते आणि टीएसएच चढतो. थकवा, बद्धकोष्ठ, केस गळणं, पाळीत जास्त जाणं, थंडी न सोसणं ही त्याची लक्षणं. दुसरा ग्रेव्ह्ज. यात ग्रंथी लगाम सुटल्यासारखी काम करते आणि टीएसएच जवळजवळ शून्यावर येतो. छाती धडधडते, हात कापतात, खाऊनही वजन उतरतं, उकाडा सहन होत नाही, काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात.

टीएसएच थोडा चढलेला असेल, म्हणजे दहाच्या आत, आणि फ्री टी४ (ग्रंथीचं स्वतःचं हार्मोन) ठीक असेल तर कुठंही धावत सुटायची गरज नाही. अशा वेळी चांगला डॉक्टर कधीकधी गोळीसुद्धा देत नाही, दोन-तीन महिन्यांनी परत तपासायला सांगतो. साठी-सत्तरी ओलांडलेल्यांचा टीएसएच तसाही जरा वर असतो. टीएसएच शून्याजवळ असेल आणि धडधड होत असेल तर मात्र पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

हाशिमोटोचं निदान करायला मोठं हॉस्पिटल लागत नाही. टीएसएच, फ्री टी४ आणि एकदा अँटी-टीपीओ, म्हणजे ग्रंथीवर उलटलेल्या अँटिबॉडीची तपासणी. एवढं खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही तालुक्याच्या गावात रक्त देऊन होतं. लॅब छोटी असली तरी नमुना मोठ्या लॅबकडं जातो. एकदा पॉझिटिव्ह आलेली अँटी-टीपीओ दर सहा महिन्यांनी परत करायला कुणी सांगत असेल तर का ते विचारा. त्या आकड्यावर गोळीचा डोस ठरत नाही, तो टीएसएचवर ठरतो.

ग्रेव्ह्जचं तसं नाही. टीएसएच खाली जाण्याचं कारण दर वेळी ग्रेव्ह्जच असतं असं नाही. बाळंतपणानंतर वर्षभरात काही बायकांच्या ग्रंथीला सूज येते, साठवलेलं हार्मोन रक्तात सांडतं, काही आठवडे सगळी लक्षणं ग्रेव्ह्जसारखी दिसतात आणि मग टीएसएच उलट चढायला लागतो. अशा बाईला ग्रेव्ह्जची कार्बिमाझोल (नवं हार्मोन तयार होणं रोखणारी गोळी) देऊन उपयोग नसतो. दोन्हींतला फरक ‘ट्रॅब’ या अँटिबॉडीच्या तपासणीनं किंवा टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी द्रव्य टोचून केलेल्या स्कॅननं कळतो. बाळ अंगावर पीत असेल तर स्कॅनच्या खोलीत शिरण्याआधी तसं सांगायला हवं. तालुक्याच्या गावात हे होत नाही, तेव्हा बेळगाव, कोल्हापूर असल्या शहराला जायचं खरं कारण इथं आहे.

घराजवळचा डॉक्टर विरुद्ध मोठं हॉस्पिटल

माझा कौल स्पष्ट आहे. हाशिमोटो असेल, गरोदरपण नसेल, गाठ नसेल, हृदयाचा आजार नसेल, तर जवळचा एमडी फिजिशियन, किंवा रिपोर्ट नीट वाचणारा फॅमिली डॉक्टर, पुरेसा आहे. उपचार एकाच औषधाचा आहे, लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे ग्रंथीचंच हार्मोन गोळीच्या रूपात. ग्रंथी पूर्ण निकामी झाली असेल तर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला शंभराच्या आसपास. वयस्कर किंवा हृदयरोगी असेल तर साडेबारा किंवा पंचवीसपासून हळूहळू वर. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच. त्याआधी तपासून काही कळत नाही, कारण या हार्मोनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच आठवडा लागतो. डोस बसला की वर्षातून एक-दोनदा तपासणी.

यात चुका होतात त्या घरी. गोळी रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा ते एक तास काही घ्यायचं नाही. पहाटे उठून चुलीवर आधी चहा ठेवणाऱ्या आमच्या बायकांना हा अर्धा तास डोंगराएवढा वाटतो. त्यांनी रात्री जेवणानंतर तीन तासांनी गोळी घ्यायला हरकत नाही, डॉक्टरांना सांगून. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतरानं. एकादशी असो की सोमवार, गोळी चुकवायची नाही, उपवासाला पाणी चालतंच. कोबी बंद करा असा सल्लाही फिरतो. शिजवलेल्या कोबीची भाजी आठवड्यातून दोनदा खाल्ल्यानं काही बिघडत नाही, आणि मीठ आयोडीनचंच वापरायचं.

जवळच्या डॉक्टरची मर्यादाही सांगते. काहीजण दर खेपेला टी३, टी४, टीएसएच असा पूर्ण संच लिहून देतात, काहीजण टीएसएच पाच आला की लगेच पंचवीसची गोळी. दोन्ही वेळा का असं विचारायला संकोच करू नका.

बेळगावात: सिव्हिल की केएलई?

सिव्हिल, म्हणजे बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, खर्चाच्या दृष्टीनं सगळ्यात हलकं. थायरॉईडचा रुग्ण इथं मेडिसिनच्या ओपीडीत बसतो. फॉर्म आणि पाट्या कन्नडमध्ये असतात, पण बाजूच्या बाकावरचा कुणीतरी वाचून देतो आणि डॉक्टर-नर्स यांच्याशी मराठीत निभतं. गैरसोय ही की दर वेळी नवा डॉक्टर भेटू शकतो. म्हणून आधीचे सगळे रिपोर्ट तारखेनं लावलेली फाईल बरोबर पाहिजे. ती नसेल तर दर खेपेला पहिल्यापासून सुरुवात.

नेहरूनगरातलं केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल हे जेएनएमसी या मेडिकल कॉलेजचं शिकवण्याचं हॉस्पिटल. मेडिसिन, सर्जरी, डोळे, स्त्रीरोग एकाच आवारात, आणि ग्रेव्ह्जमध्ये डोळे धरले असतील किंवा गळ्यात गाठ असेल तर याचा फायदा मोठा. शिकवण्याचं हॉस्पिटल म्हटल्यावर आधी शिकाऊ डॉक्टर सगळं विचारणार, मग वरचे बघणार. अर्धा दिवस धरूनच जावं. हार्मोनचे तज्ज्ञ, म्हणजे एन्डोक्रायनॉलॉजिस्ट, शहरातल्या खाजगी दवाखान्यांतही बसतात. ते कुठल्या वारी असतात हे फोनवर विचारल्याशिवाय गावाहून निघू नका.

ग्रेव्ह्जवाल्यांनी माझ्या मते बेळगाव सोडूच नये. कारण कार्बिमाझोल. ही गोळी साधारण बारा ते अठरा महिने चालते आणि सुरुवातीला दर महिना-दीड महिन्याला डोस बदलतो. शिवाय हजारात दोन-पाच जणांच्या पांढऱ्या पेशी अचानक कोसळतात. ताप आला, घसा धरला, तोंड आलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्ताची तपासणी करायची असते. हे लांबच्या डॉक्टरला व्हॉट्सअॅपवर विचारत बसायचं काम नव्हे. गोळ्या बंद केल्यावर साधारण निम्म्या लोकांचा आजार उलटतो. तेव्हा पुढं रेडिओआयोडिन (ग्रंथी निकामी करणारं किरणोत्सर्गी आयोडीन) की ऑपरेशन हे ठरवायचं असतं, आणि तेवढ्यासाठी मग लांबची खेप जरूर करावी.

निपाणीकरांसाठी एक वेगळी ओळ. तंबाखूच्या या गावात बिडी-सिगरेट घरोघर. ग्रेव्ह्जमध्ये डोळ्यांचा त्रास वाढवणारी, आपल्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट धूम्रपान आहे. डोळे धरलेला रुग्ण ओढत असेल तर कुठल्या हॉस्पिटलात दाखवतोय याला फारसा अर्थ राहत नाही. अशा रुग्णाला रेडिओआयोडिन देतानाही डॉक्टर दोनदा विचार करतात, कारण त्यानं डोळे आणखी बिघडू शकतात.

सीमेपलीकडं

निपाणी, सदलगा, बोरगावच्या माणसाला कोल्हापूर स्वाभाविक आहे. निपाणीहून चाळीस किलोमीटर, तर बेळगाव पंचाहत्तरच्या आसपास. भाषा आपली, कागद आपल्या भाषेत, सरकारीत सीपीआर हे हॉस्पिटल आहे आणि खाजगी तज्ज्ञही. कागवाड-उगारच्या लोकांना मिरज त्याहून जवळ, अथणीकरही तिकडंच झुकतात. त्यांना मी बेळगावला या म्हणणार नाही. उलट चंदगडची माणसं सीमा ओलांडून बेळगावला येतात. रस्ता जिकडं सोपा तिकडं पेशंट, राज्य कुठलं का असेना.

पण तिकिटाचा हिशेब बदललाय. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमधून इथल्या रहिवासी बायकांना राज्यात मोफत प्रवास आहे. म्हणजे निपाणीची बाई पंचाहत्तर किलोमीटरवरच्या बेळगावला फुकट येते आणि चाळीस किलोमीटरवरच्या कोल्हापूरला पैसे मोजते. एसटीतली महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच. बरोबर सोबतीला बाईच येणार असेल तर वर्षाच्या खेपांत हा फरक जाणवतो.

गोव्याचं आकर्षण खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं जास्त. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज मोठं आहे, पण २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथं शुल्क पडतं, फुकट उपचाराची जुनी समजूत सोडा. त्यात पावसाळ्यात चोर्ल्याचा घाट. थायरॉईडच्या नेहमीच्या तपासणीसाठी मी कुणालाही तिकडं पाठवणार नाही. खानापूरहून बेळगाव सव्वीस-सत्तावीस किलोमीटर आहे. पुण्याचं म्हणाल तर मुलगा तिथं आहे म्हणून एकदा दुसरं मत घ्यायला ठीक, डोस बदलायला नाही.

योजना कुठं कामाला येतात

इथं बऱ्याच जणांची अपेक्षा चुकते. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक असो की महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी लागू केलेली महात्मा फुले जनआरोग्य योजना (जिच्यावरून दोन्ही राज्यांत बरीच वादावादी झाली), या मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. रोजची गोळी आणि दर सहा महिन्यांचा टीएसएच त्यात बसत नाही. ऑपरेशन ठरलं तर मात्र विचारा. कर्नाटकच्या योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, एपीएलना खर्चाच्या तीस टक्के, दीड लाखांपर्यंत. तातडीचं नसेल तर आधी सरकारी हॉस्पिटलचं रेफरल पत्र लागतं. खाजगीत जाऊन ऑपरेशनची तारीख घेऊन मग पत्राला धावलात तर उशीर होतो.

रोजच्या ओपीडीचा आणि गोळ्यांचा खर्च उचलणारी योजना म्हणजे ईएसआय, कामगारांचा सरकारी विमा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत ज्यांच्या पगारातून ती कापली जाते, त्यांनी कार्ड कपाटात ठेवू नये.

लेव्होथायरॉक्सिन मुळातच स्वस्त आहे आणि तिच्या किमतीवर सरकारी नियंत्रण आहे. जेनेरिक घ्यायला हरकत नाही, फक्त दुकानदारानं दर महिन्याला वेगळी कंपनी हातात ठेवू नये. कंपनी बदलली तर दीड-दोन महिन्यांनी एकदा टीएसएच बघा. गोळ्यांची बाटली उन्हाच्या खिडकीत किंवा गॅसशेजारी ठेवू नका. लॅबचंही तसंच, शक्यतो एकच. रक्त सकाळी, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर दोन-तीन दिवस आधी बंद करा, नाहीतर आकडे खोटे येतात आणि धडधाकट बाई ग्रेव्ह्जची ठरते.

आयुर्वेद, होमिओपॅथी यांबद्दल थोडक्यात. थकवा, पोट, झोप यांसाठी घ्यायचं असेल तर घ्या, पण तिथल्या शब्दावर थायरॉक्सिन बंद करू नका. आणि केल्प (समुद्री शेवाळ) किंवा जादा आयोडीन असलेली ‘थायरॉईड पावडर’ तर मुळीच नको. हाशिमोटोच्या ग्रंथीला जादा आयोडीन आणखी थकवतं.

गरोदरपण असेल तर वरचं सगळं बाजूला

पहिले तीन महिने बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर वाढतं. गोळी चालू असलेल्या बाईची दिवस गेल्याची चाचणी पॉझिटिव्ह आली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. डोस साधारण पंचवीस ते तीस टक्के वाढवावा लागतो आणि अर्ध्या गरोदरपणापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच लागतो. ग्रेव्ह्जच्या गोळ्या घेणाऱ्या बाईनं तर दिवस राहण्याआधीच बोलावं, कारण पहिल्या तीन महिन्यांत औषधच बदलावं लागू शकतं. रेडिओआयोडिन घेतलं असेल तर निदान सहा महिने थांबायचं.

आपल्याकडं सोयरीक सीमेच्या दोन्ही बाजूंना असते. सासर गडहिंग्लजला, माहेर येळ्ळूरला, सातव्या महिन्यात मुलगी इकडं येते. तेव्हा निवड एका हॉस्पिटलची नसतेच, दोन गावांची असते. सासरच्या डॉक्टरनं शेवटचा टीएसएच, तारीख आणि डोस एका कागदावर लिहून द्यावा आणि माहेरच्या स्त्रीरोगतज्ज्ञाला तो पहिल्याच भेटीत दाखवावा. बाळंत झाल्यावर डोस पूर्वीच्या आकड्यावर आणतात आणि सहा आठवड्यांनी परत रक्त तपासतात. तेव्हा मुलगी अजून माहेरीच असते, म्हणून ही तपासणी कुणी करायची हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या.